मोठ्या छावणीचे पोट

चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाचा डबा पहाटेच तयार लागतो, हे तिथल्या गृहिणींना सांगायला नको. माणूस कितीही धट्टाकट्टा असो, पोटात अन्न नसेल तर हात चालत नाहीत. लढाईचेही तसेच असते, बरं का! हे गणित अचूक ओळखले ते राजाराम महाराजांचे सेनापती संताजी घोरपडे यांनी.

याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ पर्यंत होता. शेजारच्या माचणूरचा किल्ला त्याची साक्ष देतो. छावणी कसली, चालतेबोलते शहरच! हत्ती, घोडे, उंट, तोफा, बाजार, जनानखाना. एवढ्या मोठ्या खटल्याला रोज धान्य आणि वैरण पुरवायची म्हणजे काय, ते आपल्यालाच कळेल!

संताजींनी नेमके तिथेच बोट ठेवले. रसद तोडायची, एकट्या पडलेल्या तुकडीला गाठायचे आणि मोठी फौज येण्याआधी पसार व्हायचे. नोव्हेंबर १६९५ मध्ये कर्नाटकात दोड्डेरीजवळ कासिमखान असाच सापडला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एकाने पुढे गेलेले तंबू आणि सामान लुटले, दुसऱ्याने लढाई जुंपली, तिसरा राखीव ठेवला. खान गढीत शिरला खरा, पण आतला दाणागोटा संपला. माणसे उपाशी, जनावरे उपाशी. खान तिथेच मेला आणि उरलेल्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवला.

१६९७ साली आपसातल्या वैरातून संताजींचा घात झाला. केवढी हानी ही! पण युद्धाची ती रीत मेली नाही. १७०० साली राजाराम महाराज गेले, तेव्हा महाराणी ताराबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या. पदरी लहान मूल, समोर बादशहा. त्यांनी डगमगून न जाता कारभार हाती घेतला. गड महिनोन् महिने झुंजवायचा, शत्रूला पैसा आणि पावसाळा खर्ची घालायला लावायचा, मग पैसे घेऊन गड सोडायचा, आणि त्याची पाठ वळली की परत घ्यायचा! शिवाय फौजा पाठवायच्या थेट माळव्यात आणि गुजरातेत. १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, औरंगजेब मेला, तेव्हा स्वराज्य उभेच होते.

सुटीत मुलांना माचणूरला जरूर न्या. सिद्धेश्वराचे दर्शन घ्या, आणि भीमेच्या घाटावर त्यांना विचारा, 'एवढ्या फौजेला रोज जेवण कुठून येत असेल रे?' संताजींचे युद्ध त्यांना तिथेच उमगेल.