उसाचा दर आणि जिनिव्हाचा निवाडा



कळंब्याच्या तळ्यापासून पुढे करवीर तालुक्यात कोठेही जा, ऊस भेटणारच. कोणी तो कुंभी-कासारीला घालतो, कोणी भोगावतीला, कोणी गुऱ्हाळाला. कारखान्याने टनाला कमीत कमी किती द्यायचे, हे दिल्लीचे सरकार ठरविते. त्यालाच आपण एफआरपी म्हणतो. 2025-26 च्या हंगामाला ती सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये ठरली. हा दर ठरविण्याच्या पद्धतीवर परदेशांत फिर्याद झाली होती, हे किती जणांच्या कानी आले आहे?

फिर्यादी तीन देश: ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. तिघेही साखर विकणारे. 2019 साली ते स्वित्झर्लंडातील जिनिव्हा शहरी, जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. त्यांचे म्हणणे असे की, भारत ऊसवाल्याला मर्यादेबाहेर आधार देतो, साखर जादा होते, ती अनुदानावर बाहेर जाते आणि जगात भाव पडतो. त्यांच्याही शेतकऱ्याला पोट आहे. तक्रार केली म्हणून त्यांना शत्रू समजू नये.

पण ही मर्यादा आली कोठून? संघटना 1 जानेवारी 1995 रोजी सुरू झाली आणि भारत पहिल्या दिवसापासूनचा सभासद. तिच्या शेतीविषयक करारात असे कलम आहे की, आपल्यासारख्या देशाने एखाद्या पिकाला द्यायचा असा आधार त्या पिकाच्या एकूण किमतीच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये. आणि हा आधार मोजायचा कसा? सरकारने ठरविलेला आजचा दर ताडायचा तो 1986 ते 1988 सालच्या भावाशी! आजोबांच्या वेळच्या भावाने नातवाचं बिल तपासल्यासारखंच हे.

भारतातर्फे सांगण्यात आले की, एफआरपीचा पैसा कारखाने देतात, सरकार देत नाही. मग ही सरकारची मदत कशी? पंचमंडळाने ते मानले नाही. दर सरकारने बांधून दिला, एवढे त्यांना पुरले. 14 डिसेंबर 2021 रोजी निवाडा आला: 2014-15 पासून 2018-19 पर्यंत पाचही हंगाम मर्यादा ओलांडली, आणि निर्यातीचे अनुदान 120 दिवसांत मागे घ्यावे. जानेवारी 2022 मध्ये भारताने अपील केले. परंतु अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर 2019 पासूनच बंद पडले होते. निवाडा लागू झाला नाही आणि रद्दही झाला नाही. खुंटीला टांगला गेला.

तुम्ही म्हणाल, आमच्या नियमात परक्यानं बोट घालायचं कारण काय? कोल्हापुरास याची जुनी ओळख आहे. इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी जुनी घडी मोडली, तेव्हा 1844 साली सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले. त्या वेळी आपल्या लोकांना कोणी विचारलेच नव्हते. जिनिव्हाच्या करारावर मात्र आपल्याच सरकारची सही आहे. शिक्षकांनी मुलांना घटनेची सातवी अनुसूची काढून दाखवावी. शेती हा विषय राज्यांच्या यादीत, आणि परराष्ट्रांशी करार करणे संघाच्या यादीत. म्हणजे कारभार मुंबईचा आणि शब्द दिल्लीचा. असा शब्द देण्याआधी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, असे बंधन घटनेत नाही. माझ्या मते जपायचे ते येथे. सही होऊन गेल्यावर निवाड्यावर ओरडून काय होणार?

परक्याचा शब्द नियमात शिरण्याचे दुसरे दार पैशाचे. त्याला 1976 च्या कायद्याने कुलूप लावले, 2010 साली नवा कायदा झाला. उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष, न्यायाधीश, सरकारी नोकर यांनी परदेशी पैसा घ्यायचा नाही. मात्र 2016 आणि 2018 च्या वित्त कायद्यांनी ‘परकी’ या शब्दाचा अर्थच सैल केला. ठरलेल्या मर्यादेत परदेशी भांडवल असलेली कंपनी परकी धरायची नाही, आणि तेही 1976 पासून मागे जाऊन! कुलूप तसेच आहे, कडी ढिली केली, म्हणा ना.

तिसरी वाट उघड मत मांडण्याची, आणि ती मला वावगी वाटत नाही. मालाच्या दर्जाचा एखादा नवा नियम व्यापाराला आडवा येणारा असेल, तर मसुदा जिनिव्हास कळवून इतर देशांना साधारण 60 दिवस द्यावेत, असा प्रघात आहे. आपल्या लोकांपुढे कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस ठेवावा, असे केंद्राने 2014 साली ठरविले. परदेशची सरकारे आपले दिवस फुकट घालवीत नाहीत. आपण घालवतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने साखर नियंत्रण आदेशाचा मसुदा काढून सूचना मागविल्या. मे 2025 मध्ये आदेश निघालाही. मध्यंतरी आपल्या गावातून किती कागद गेले?

पुढचा मसुदा निघेल तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी तो मराठीत वाचून दाखवावा आणि विकास सोसायटीने एक पत्र धाडावे. लांबण नको. उतारा किती धरला, तोडणी-वाहतुकीचे किती कापले, आणि ऊस घातल्यावर 14 दिवसांत मिळायचे पैसे कितव्या दिवशी हातात पडले, एवढे तीन आकडे पावत्या पाहून लिहिले तरी पुरे.