उपनगराचा आवाज आणि शुद्धतेची फूटपट्टी

पॉप पंक हा दोन्हीकडून मार खाणारा संगीतप्रकार. कडव्या पंकवाल्यांना तो गुळमट वाटतो, जाणत्या रसिकांना पोरकट. ‘ग्रीन डे’ या अमेरिकी पॉप पंक बँडचा ‘डूकी’ हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ रोजी आला, तोवर बर्कलीतल्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबात हा बँड वाढला त्याचे दरवाजे त्याला बंद झाले होते. बड्या कंपनीशी करार करणाऱ्याला तिथे मंच नव्हता. पुढे एकट्या अमेरिकेत अल्बमच्या कोटभर प्रती गेल्या, १९९५ साली ग्रॅमी मिळाला, तरी ‘विकले गेले’ हा शिक्का पुसला नाही. माझ्या मते हा शिक्का गाणी पारखून मारलेला नव्हता. ती कोण विकतं आणि कोण ऐकतं, यावरून मारलेला होता.

हा न्याय कल्याण-विठ्ठलवाडीच्या पट्ट्याला परका नाही. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, ग्रामोफोन कंपनीची सद्दी संपली, टी-सीरिज आणि व्हीनस यांनी बाजार काबीज केला. त्याच लाटेवर कल्याणचे गायक प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांचा आवाज घरोघरी पोहोचला. आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ वरातीत आणि मांडवात दणाणलं, आणि पांढरपेशा अभिरुचीनं ते थिल्लर ठरवून निकालात काढलं.

पण थिल्लर वाटणारं गाणं सहज होतं असं नाही. ‘डूकी’चं पहिलं मिश्रण बँडला पटलं नाही, ते पुन्हा केलं गेलं, त्यातला ओबडधोबडपणा घडवून आणलेला आहे. शिंदे घराण्याच्या गायकीमागेही कव्वाली, भीमगीतं आणि भक्तिगीतं यांची तालीम आहे. ढोलकीच्या गजरातही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणारी फेक कंपनीच्या करारातून येत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. अमेरिकी पोरांनी उपेक्षा बरीचशी स्वतःहून पत्करली, तर इथल्या गायकांच्या वाट्याला ती जातीमुळे आली. हा फरक मोठा आहे, पण त्यानं माझा मुद्दा अधिकच पक्का होतो, कारण इथे नाक मुरडण्यामागे श्रोत्याची पायरीही होती. दुसरा आक्षेप या कॅसेटमधल्या गाण्यांतल्या द्व्यर्थी शब्दांचा, त्यातून होणाऱ्या बाईच्या थट्टेचा. तो रास्त आहे आणि टीका त्यावर जरूर व्हावी. मात्र तोच निकष लावणीला आणि हिंदी चित्रगीतांनाही लावावा लागेल. तसा तो क्वचितच लावला जातो.

२००६ साली ‘जत्रा’ चित्रपटात आनंद शिंदे यांनी वैशाली सामंत यांच्यासोबत ‘कोंबडी पळाली’ गायलं. अजय-अतुल यांच्या संगीतातलं हे गाणं सुखवस्तू घरांच्या हळदीतही वाजलं. गळा तोच, ठसका तोच. वाद्यमेळ आणि वेष्टण तेवढं बदललं. ‘ग्रीन डे’लाही २०१५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. पण मान्यता अशी उशिरा, दुसऱ्या दारानं आली की आधीचं काम नोंदीबाहेरच राहतं. मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी म्हणूनच चित्रपटापाशी न थांबता त्या कॅसेटपासून सुरुवात करायला हवी.