अझ्टेकातील सलामी

येत्या ११ जूनला, गुरुवारी, मेक्सिको सिटीत दुपारचा एक वाजेल तेव्हा भारतात रात्रीचे साडेबारा झालेले असतील. इंग्रजी तारखेने तो १२ जूनचा शुक्रवार. वार सूर्योदयाला बदलतो असे मानणाऱ्या पंचांगाप्रमाणे मात्र अजून गुरुवारच. त्या वेळी एस्तादिओ अझ्टेका या मैदानावर यजमान मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील लढतीने विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला आरंभ होईल. यंदा प्रथमच ४८ संघ खेळत आहेत. मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा या तीन देशांतील १६ शहरांत १०४ सामने होतील आणि १९ जुलैला न्यू जर्सीत अंतिम सामना होईल.

सलामीच्या सामन्याचा इतिहास काही फार रंजक नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १९६६ पासून १९७८ पर्यंतच्या सलग चार स्पर्धांत पहिल्या सामन्यात एकही गोल झाला नव्हता. पहिल्याच दिवशी हरायचे नाही या भीतीने दोन्ही संघ हातचे राखून खेळत. पुढे मात्र याच सामन्याने काही मोठे धक्के दिले. १९९० मध्ये कॅमेरूनने जगज्जेत्या अर्जेंटिनाला आणि २००२ मध्ये सेनेगलने जगज्जेत्या फ्रान्सला एका गोलने नमविले. २००६ पासून सलामीचा मान यजमानांकडे आला. त्यानंतरच्या पाच स्पर्धांत सलामीला हरलेला यजमान एकच, तो म्हणजे २०२२ मधील कतार.

या वर्षीच्या सलामीत एक विलक्षण योग जुळून आला आहे. २०१० मध्ये स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली, तेव्हाही पहिला सामना याच दोन संघांत होता आणि तारीखही ११ जूनच होती. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर ५५ व्या मिनिटाला सिफिवे शबालालाने डाव्या पायाने मारलेला चेंडू मेक्सिकोच्या जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात शिरला आणि आफ्रिका खंडातील पहिल्या विश्वचषकाचा पहिला गोल नोंदला गेला. ७९ व्या मिनिटाला राफाएल मार्केझने बरोबरी साधली. शेवटच्या क्षणी काटलेगो म्फेलाचा फटका खांबाला लागून परतला नसता, तर यजमान जिंकलेच असते.

त्या दिवशी मेक्सिकोचे प्रशिक्षक हाविएर आगिरे होते. आजही तेच आहेत, आणि बरोबरी साधणारा मार्केझ आता त्यांचा साहाय्यक आहे. समोर दक्षिण आफ्रिकेच्या बाकावर ७४ वर्षांचे बेल्जियन प्रशिक्षक ह्यूगो ब्रोस असतील. या दोघांची ओळख त्याहून जुनी आहे. ३ जून १९८६ रोजी याच अझ्टेकावर मेक्सिकोने बेल्जियमला २-१ असे हरविले, तेव्हा एका संघात आगिरे होते आणि दुसऱ्या संघात ब्रोस. चाळीस वर्षांनी तेच दोघे त्याच मैदानाच्या कडेला समोरासमोर उभे राहतील.

मैदानही तसेच तोलाचे आहे. १९६६ मध्ये खुले झालेले अझ्टेका हे तीन विश्वचषक पाहणारे जगातील पहिले मैदान ठरणार आहे. १९७० मध्ये पेलेच्या ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवून चषक जिंकला तो येथेच. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने आणि दुसरा अर्धे मैदान एकट्याने कापून केला तोही येथेच. मेक्सिकोच्या दृष्टीने याहून मोलाची एक नोंद आहे. या मैदानावर विश्वचषकाचे सात सामने खेळून मेक्सिको एकदाही हरलेला नाही. पाच विजय, दोन बरोबरी, आणि सात सामन्यांत स्वीकारलेले गोल केवळ दोन. १९७० मध्ये उपांत्यपूर्व सामना टोलुकाला गेला आणि १९८६ मध्ये माँटेरेला गेला. दोन्ही वेळा घर सुटले आणि मेक्सिको बाद झाला. उपांत्यपूर्व फेरी त्याने आजवर या दोन वेळांखेरीज पाहिलेली नाही. १९९४ ते २०१८ या सात स्पर्धांत प्रत्येक वेळी तो त्याआधीच्या फेरीत अडला, आणि २०२२ मध्ये तर तिथपर्यंतही पोहोचला नाही.

म्हणूनच या सामन्याचा भार मेक्सिकोवर अधिक आहे. २०२५ मध्ये गोल्ड कप आणि नेशन्स लीग अशी दोन विजेतेपदे त्यांनी मिळविली, पण तेथील प्रेक्षक एवढ्याने समाधान मानणारे नाहीत. ऐंशी हजारांवर घरचे लोक बसलेले असताना पहिल्या अर्ध्या तासात गोल झाला नाही, तर तोच समुदाय स्वतःच्या संघाला शिट्ट्या घालू लागतो. आघाडीवर राऊल हिमेनेझवर भिस्त राहील. २०२० मध्ये इंग्लंडमधील एका सामन्यात डोक्याची कवटी फुटूनही हा खेळाडू परत उभा राहिला. कपाळावर संरक्षक पट्टी बांधून खेळणारा हा आघाडीवीर सहज ओळखता येईल. गिल्बेर्तो मोरा या कोवळ्या मुलाचे नावही ऐकू येईल. वयाच्या सोळाव्या वर्षी तो गोल्ड कप जिंकणाऱ्या संघात खेळला.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत धाप लवकर लागते, चेंडूला अडथळा कमी होतो, तो वेगाने आणि लांब जातो आणि हवेत कमी वळतो. सपाटीवरून आलेल्या गोलरक्षकाचा अंदाज त्यामुळे चुकतो. मेक्सिकोने हे अस्त्र अनेक पाहुण्यांवर चालविले आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेवर ते तितकेसे चालणार नाही. ब्रोस यांच्या संघाचा कणा म्हणजे प्रिटोरियाच्या मामेलोडी सनडाउन्स आणि जोहान्सबर्गच्या ऑरलँडो पायरेट्स या संघांतील खेळाडू. ही दोन्ही शहरेही पठारावर आहेत, आणि जोहान्सबर्ग तर सुमारे १,७०० मीटरवर. एकाच संघात वर्षभर एकत्र खेळणारे खेळाडू राष्ट्रीय संघातही एकमेकांना न पाहता चेंडू देतात. ही या संघाची खरी पुंजी होय. गोलरक्षक आणि कर्णधार रॉनवेन विल्यम्स याने आफ्रिकी चषकाच्या एका उपांत्यपूर्व सामन्यात केप व्हर्देच्या चार पेनल्टी अडविल्या होत्या. त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिका तिसरी आली.

या संघाच्या पात्रतेची हकिकत व्यापारी घरांत विशेष रुचेल, कारण ती हिशेबाच्या वहीची आहे. मार्च २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने लेसोथोला २-० असे हरविले. त्या सामन्यात मध्यरक्षक टेबोहो मोकोएना खेळला. त्याच्या नावावर आधीची दोन पिवळी कार्डे जमा होती आणि नियमाप्रमाणे तो एका सामन्यासाठी अपात्र होता. कोणीतरी नोंद पाहिली नाही. सप्टेंबरमध्ये निकाल फिरवला गेला. विजयाचा पराभव झाला आणि तीन गुण वजा झाले. संघ डळमळला, पण ऑक्टोबरमध्ये रवांडाला ३-० असे हरवून १८ गुणांवर गटात पहिला आला. नायजेरिया आणि बेनिन १७ वर राहिले. एका नोंदीच्या चुकीने सोळा वर्षांची प्रतीक्षा आणखी चार वर्षे लांबली असती. २०१० मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा सोडली, तर स्वबळावर हा संघ २००२ नंतर प्रथमच येथे पोहोचला आहे. गटसाखळी मात्र त्याने अजून एकदाही ओलांडलेली नाही.

आता ते शक्य आहे. बारा गटांतील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाचे आठ उत्तम संघ पुढे जाणार आहेत. याच गटात दक्षिण कोरियाही आहे. पहिल्या दिवशी मिळालेला एक गुण हे भांडवल पुढच्या दोन सामन्यांत वाढविता येते, आणि चार गुण झाले की बहुधा वाट मोकळी होते. हा हिशेब ब्रोस यांना नीट कळतो. त्यामुळे दक्षिण आफ्रिका मागे बसून वाट पाहील आणि मेक्सिको घाई करील, असेच चित्र दिसते. ज्यांना केवळ गोलांचा पाऊस हवा आहे, त्यांनी जागरणापूर्वी याचा विचार करावा. यजमानांचे पारडे जड आहे, पण बरोबरी झाली तर नवल नाही.

दक्षिण आफ्रिकेचे नाव जैन वाचकाला परके नाही. १८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी तेथे गेलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी धर्मविषयक शंकांनी घेरले गेले, तेव्हा त्यांनी आपले प्रश्न मुंबईत जवाहिराचा व्यापार करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांना लिहून पाठविले आणि तेथूनच उत्तरे मिळविली. पुढे त्याच भूमीत सत्याग्रह उभा राहिला, आणि जोहान्सबर्ग व प्रिटोरिया येथील भारतीयांच्या फुटबॉल संघांनी ‘पॅसिव्ह रेझिस्टर्स’ हे नाव धारण केले. गोऱ्यांच्या मैदानावर ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांनी आपला खेळ आपण उभा केला. आज त्या देशाचा राष्ट्रीय संघ निवडताना वर्ण विचारला जात नाही.

फुटबॉल म्हणजे चामड्याचा चेंडू, म्हणून अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी तो उंबऱ्याबाहेरच ठेवला. त्यांची हरकत त्या काळी रास्त होती. १९७० चा काळ्या-पांढऱ्या ३२ तुकड्यांचा टेलस्टार कातड्याचाच होता. ते बदलले १९८६ मध्ये, मेक्सिकोतच. त्या स्पर्धेचा ‘अझ्टेका’ नावाचा चेंडू हा विश्वचषकातील पूर्णतः कृत्रिम द्रव्याचा पहिला चेंडू होय. हेतू करुणेचा नव्हता. कातडे पाणी शोषून जड होई आणि आकार सोडी, एवढेच कारण. तरीही चाळीस वर्षांत विश्वचषकाच्या चेंडूत कातडे परत आलेले नाही. यंदाचा ‘ट्रायोन्डा’ हा चार तुकड्यांचा कृत्रिम चेंडू आहे. त्यावरचे लाल, हिरवे आणि निळे रंग तीन यजमानांचे आहेत. जालंधर आणि मेरठ येथे बनणारे चेंडूही आज प्रामुख्याने कृत्रिम द्रव्याचेच असतात. बुटांबाबत मात्र विचारून घ्यावे. कांगारूच्या कातड्याचे बूट अजून काही कारखाने करतात. नायके आणि प्युमा यांनी ते थांबविण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले.

कोल्हापूरकरांना हे सारे सांगण्याची गरज नाही. तेथील पेठांत विश्वचषकाच्या महिन्यात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर वर्षभर झुंजतात, आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा भारताकडून खेळला. सांगली-कोल्हापूर भागातील किती जैन घरांत तालमीच्या संघावरून भाऊ-भाऊ वाद घालतात, हे तेथील सुनांना विचारावे.

प्रश्न उरतो घरातल्या रात्रीचा. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास आहे. तेव्हापासून सामना सुरू होईपर्यंत पाच तासांहून अधिक वेळ जातो आणि संपेपर्यंत सात. चौविहार पाळणाऱ्यांना पाणीही नाही, तिविहार करणाऱ्यांना पाण्यापुरती मोकळीक. मोबाइलवरून खाणे मागविणाऱ्या मित्रमंडळींत बसून मुलांनी हा नियम पाळावा अशी इच्छा असेल, तर त्यांना सायंकाळी साडेसहालाच पोटभर जेवू घालावे आणि तासभर झोपवावे. रिकाम्या पोटी दिलेला उपदेश रात्री दोनपर्यंत टिकत नाही. ज्या घरांत काका-पुतणे एकत्र बसून सामना पाहतात, तेथे मुलाला नियम एकट्याने पाळावा लागत नाही, आणि त्यातच निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला लागतो. या स्पर्धेच्या काळात पैजेचे निमंत्रण कोणत्याही अड्ड्यावरून येणार नाही. ते मुलाच्या हातातील पडद्यावर येईल. पहिला गोल कोण करील, पहिले पिवळे कार्ड कोणाला मिळेल, अशा फुटकळ गोष्टींवर मिनिटामिनिटाला पैसे लावता येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तरी परदेशातून चालणारी दारे सर्वच बंद झाली असे समजू नये. वायद्याच्या व्यवहारात मुरलेल्या घरांत तर ‘हाही एक सौदाच’ असा युक्तिवाद तरुणाच्या तोंडी सहज येतो. सौद्यात माल असतो, वाहतूक असते, साठवणूक असते आणि जोखमीला काही आधार असतो. येथे समोरच्याचे गेले तरच आपले आले. हा फरक दुकानाच्या गादीवर बसूनच नीट समजावता येतो, आणि तो ११ जूनच्या आधी समजावलेला बरा.

ज्यांचे नातलग सामन्यासाठी मेक्सिकोला जाणार आहेत, त्यांच्यासाठी एक बारीक सूचना. तेथे राजगिऱ्याची ‘अलेग्रिया’ नावाची वडी रस्तोरस्ती मिळते. दिसायला ती थेट आपल्या उपवासाच्या वडीसारखी असते. राजगिरा हे तेथील प्राचीन धान्य. मात्र ती बांधताना अनेकदा मध वापरतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

अधिक मासामुळे यंदा चातुर्मास जुलैच्या अखेरीस बसतो. अंतिम सामना भारतीय वेळेनुसार २० जुलैच्या रात्री साडेबाराला सुरू होईल, तो त्याआधी आटोपतो. आणि ज्यांना सलामीचे जागरण झेपणार नाही, त्यांच्यासाठी त्याच गटातील दुसरा सामना १२ जूनच्या सकाळी साडेसातला आहे. ग्वादालाहाराच्या मैदानावर दक्षिण कोरिया खेळेल. तोवर नवकारशीची वेळही झालेली असेल.