पाठीला डोळे नसतात

मंडळी, शेतातून घरी येताना मागून बैलगाडी आली तर तुम्ही काय करता? मागे वळून बघता का? नाही. घुंगरांचा आवाज येतो, चाकांची करकर ऐकू येते आणि पाय आपोआप बाजूला होतात. शेजारच्याशी बोलणे चालू असते ते चालूच राहते. गाडी पुढे गेली की तुम्ही पुन्हा वाटेला लागता. हे काम कोणी केले? कानाने केले. डोळे पुढचे बघतात. पाठीला डोळे नसतात. म्हणून पाठीमागची राखण कान करतो, आणि तीही न सांगता.

हे आज सांगायचे कारण म्हणजे हेडफोन. आता तो गावोगाव आला आहे. कोणी त्याला ब्लूटूथ म्हणतात. एक जात डोक्यावरून घ्यायची, दोन्ही कानांवर वाट्या बसतात. दुसरी जात म्हणजे भुईमुगाच्या शेंगेएवढ्या दोन बोंड्या, थेट कानात घालायच्या. खिशातल्या मोबाइलवर कीर्तन लावले की बुवा कानातच उभे!

आम्ही हेडफोनला नावे ठेवणारे नाही, हे आधीच सांगतो. रात्री घरची माणसे झोपल्यावर हरिपाठ ऐकावा, कोणाची झोपमोड होत नाही. एसटीत तर सर्वांनीच वापरावा. शेजाऱ्याच्या मोबाइलवरचा तमाशा आपल्या कानी कशाला? पण तोच हेडफोन घालून मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर चालणे ही निराळी गोष्ट आहे. ती आम्हाला कशी कळली ते सांगतो. सांगायला थोडी लाज वाटते. पण शाळेत इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एखादी स्वतःची काढायला हरकत नाही.

2024 सालची गोष्ट. दिवाळीनंतर आम्ही मुंबईला, परळला, धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने नवा कोरा हेडफोन हातात ठेवला. म्हणाला, "मामा, हा तुम्हाला." दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता. झेंडू आणायला आम्ही सकाळीच दादरच्या फूलबाजाराकडे पायी निघालो. कानात बोंड्या घातल्या. कीर्तन लावले. बुवा रंगात आले होते. मुंबईचा एवढा गोंगाट, पण आम्हाला त्यातले काही ऐकू येत नव्हते. फार बरे वाटत होते.

बाजाराजवळ फूटपाथवर फुलांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. चालायला जागा नव्हती. म्हणून आम्ही खाली रस्त्यावर उतरलो. मागे बघितले नाही. तेवढ्यात कोणीतरी आमच्या खांद्यावरची पिशवी धरून असा हिसका दिला की आम्ही मागच्या मागे पाटीवरच बसलो. एक बस आमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून निघून गेली.

हिसका देणारी बाई फुले विकणारी होती. तिची पाटी उलटली होती. अर्धी शेवंती चाकाखाली गेली होती. तिचे तोंड हलताना आम्हाला दिसत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. कानात अजून टाळ वाजत होते. बोंड्या काढल्या तेव्हा ऐकू आले, "आवं बाबा, कवाधरनं बोंबलतीया! कान गावाला ठिवून आलासा काय?"

बसने दोनदा हॉर्न दिला होता म्हणे. बाईने तीन हाका मारल्या होत्या. पलीकडच्या हमालानेही ओरडून सांगितले होते. साऱ्या बाजाराने ऐकले, ज्याच्यासाठी ते होते त्यानेच ऐकले नाही. बसवाल्याची चूक नव्हती. आम्ही शेवंतीचे पैसे देऊ केले. तिने मोजून घेतले. घ्यायलाच हवे होते, तिचे पोट त्यावर होते.

त्या दिवशी पूजेत आमचे लक्ष लागले नाही. नंतर आम्ही डॉक्टरांना विचारले, भाच्याकडून समजून घेतले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी जे समजले ते तुम्हालाही समजेल.

आधी एक प्रयोग करा. अंगणात मध्यभागी बसा. डोळे मिटा. घरातल्या मुलाला सांगा, हळूच फिर आणि वाटेल तिथून टाळी वाजव. टाळी आली की बोटाने दिशा दाखवा. बहुतेक वेळा बरोबर येईल. आता एका कानात बोट घट्ट घाला आणि पुन्हा तेच करा. टाळी ऐकू येईल, पण बोट भलतीकडेच जाईल. मूल हसेल. हसू द्या.

असे का होते? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. डावीकडची टाळी डाव्या कानाला आधी पोचते, उजव्या कानाला किंचित मागाहून. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. शिवाय दूरच्या कानाला आवाज थोडा मंद लागतो. एवढ्या बारीक फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. देवाने दोन कान दिले आहेत ते एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून नव्हेत. दोन्ही मिळून एक काम करतात.

हे समजले म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर मिळते. पुष्कळ लोक म्हणतात, "आम्ही एकाच कानात बोंडी घालतो, दुसरा कान मोकळा असतो. मग काय बिघडले?" काही न घालण्यासारखे ते नाही, एवढेच सांगतो. हॉर्न ऐकू येतो, पण तो डावीकडून आला की उजवीकडून हे पटकन कळत नाही. माणूस गोंधळतो आणि कधी कधी गाडीच्याच वाटेत उडी घेतो. दोन्ही कान बंद ठेवण्यापेक्षा एक मोकळा बरा, हे खरे. पण चौक ओलांडताना तोही मोकळाच पाहिजे.

दुसरी गोष्ट नव्या गाड्यांची. आम्हाला चुकवून गेलेली बस विजेवर चालणारी होती. डिझेलची बस लांबून घरघरत येते, जमीन हादरते. विजेची गाडी हळू असताना जवळजवळ मुकी असते. रिक्षा, स्कूटर, बस, सगळे आता विजेवर येत आहे. धूर नाही, चांगलेच आहे. पण तिचा आवाज आधीच थोडा, त्यात आपण कानात बोळे घातलेले. युरोपातल्या देशांना हा धोका दिसला. तिथे 2019 पासून विजेच्या नव्या जातीच्या मोटारींना, हळू चालताना मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसवावे लागते. बघा, बिनआवाजाची गाडी बनवली आणि मग तिला आवाज जोडावा लागला!

आता त्या हेडफोनचा एक गुण सांगतो. महागातल्या हेडफोनला बाहेरचा गोंगाट मारण्याची सोय असते. ती कशी चालते? हौदात दोन बाजूंनी लाटा आल्या आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला, तर तिथे पाणी सपाट होते. आवाज म्हणजेही हवेतल्या लाटा. हेडफोनमधला बारीक माइक बाहेरची लाट टिपतो, यंत्र तिच्या उलटी लाट तयार करते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. अमेरिकेतले एक शास्त्रज्ञ अमर बोस, वडील मूळचे बंगालचे, यांना 1978 साली विमानात बसले असताना ही कल्पना सुचली. त्यांच्या कंपनीने 1989 साली वैमानिकांसाठी असा हेडफोन आणला. लक्षात घ्या, विमानात बसलेल्या माणसासाठी ही युक्ती निघाली. ती सगळ्यांत जास्त कोणता आवाज मारते? इंजिनाची एकसारखी घरघर. आणि रस्त्यावर आपला जीव वाचवणारी तीच तर असते! आमच्या हेडफोनला ही सोय होती आणि ती चालू होती, हे आम्हाला मागाहून कळले. भाच्याने ती बंद कशी करायची ते दाखवले. बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेण्याचीही एक सोय असते. चालायचेच असेल तर ती चालू करावी, पण तिच्यावर विसंबू नये. यंत्राने आणून दिलेला आवाज आणि उघड्या कानाने ऐकलेला आवाज सारखे नव्हेत.

साध्या हेडफोनमध्ये ही सोय नसते. तिथे उलटेच घडते. बाहेर गोंगाट, म्हणून माणूस गाण्याचा आवाज वाढवतो. रस्ता ओरडतो, त्याच्यावर गाणे ओरडते, आणि मार खातो कान. धान्य किलोने मोजतात, तसा आवाज डेसिबलने मोजतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा. 90 डेसिबल झाला तर आठवड्यात फक्त 4 तास. म्हणजे आवाज थोडा वाढला की वेळ दहापटीने घटते. कानाच्या आत शंखासारखा एक भाग आहे. त्यात केसासारख्या बारीक तुऱ्यांच्या सुमारे 15 हजार पेशी असतात. ज्वारीच्या उभ्या पिकातून एखादा माणूस गेला तर ताटे पुन्हा उभी राहतात. गुरांचा कळप गेला तर राहत नाहीत. कानातल्या पेशी मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. ज्वारी पुढच्या वर्षी पेरता येते, त्या पेरता येत नाहीत. म्हणून मोबाइलवरची आवाजाची रेघ निम्म्याच्या फार पुढे नेऊ नये. बाहेरच्या गोंगाटात गाणे ऐकू येत नसेल तर गाणे बंद करावे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे मन. आमच्या वर्गात एक मुलगा असायचा. त्याचे डोळे फळ्यावर, पण मन बाहेरच्या चिंचेवर. विचारले तर काही सांगता येत नसे. हेडफोनवर फोन आला की मोठ्या माणसाचे तसेच होते. गाण्यापेक्षा बोलणे वाईट. गाणे आपल्याला काही विचारत नाही. फोनवरचा माणूस विचारतो, "कांद्याला काय भाव मिळाला?" मग मन कांद्याच्या चाळीत जाते आणि पाय रस्त्यात राहतात. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे गाडी तिच्या स्वतःच्या लांबीएवढी, काही वेळा त्याहूनही जास्त, पुढे येते. ब्रेक लागतो तो त्यानंतर. फोन आला तर दुकानाच्या पायरीवर, भिंतीच्या कडेला उभे राहून बोलावे. शहरातले लोक हसत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

मुंबईच्या लोकलबद्दल दोनच शब्द. रूळ ओलांडणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. कानात हेडफोन असो नसो, पुलावरूनच जावे. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी 10 सेकंदांत 220 मीटर येते. फलाटावर बोंड्या काढून ठेवाव्यात, पिवळ्या पट्टीच्या मागे राहावे. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याचे तिथे बोलून सांगतात. ते ऐकले नाही म्हणून आमच्याच गावचा एक गृहस्थ कल्याणऐवजी विरारला पोचला होता. तो सुखरूप परत आला, म्हणून आम्ही हसून सांगतो.

खरे म्हणजे शहर माणसाला सारखे सावध करीत असते. हमाल "बाजूला, बाजूला" म्हणत येतो. हातगाडीवाला "ओ काका, साइड!" म्हणतो. पावसात रस्त्यावर पाणी साचले की अनोळखी माणसे ओरडून सांगतात, "तिकडं जाऊ नका, गटाराचं झाकण उघडं आहे." गावाकडचे लोक म्हणतात, मुंबईत कोणी कोणाचे नसते. आम्हीही म्हणत होतो. पण तिथे हाका पुष्कळ असतात, ऐकणारा कान लागतो. त्या फुलवाल्या बाईचे नावही आम्हाला माहीत नाही.

तेव्हा आमची रीत आता अशी आहे. घरातून निघताना हेडफोन त्याच्या डबीत, डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. गर्दीत कानातून बोंडी पडते, कोणी हिसकावतेही, त्यालाही हा बंदोबस्त होतो. वाटेत फूटपाथ असेल तर फूटपाथने. नसेल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरची वाहने डोळ्यांना दिसतात आणि कानावरचा भार हलका होतो. रस्ता ओलांडायचा तो पांढऱ्या पट्ट्यांवर. आधी उजवीकडे बघायचे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. हे आम्ही मुलांना शिकवत होतो, आता स्वतः करतो. ज्यांना चालताना काही ऐकल्याशिवाय करमतच नाही, त्यांच्यासाठी कान मोकळे ठेवून गालाच्या हाडावर बसणारे हेडफोनही मिळतात. बाहेरचे त्यात बरे ऐकू येते. मन मात्र त्यातही कांद्याच्या चाळीत जाऊ शकते.

बोंड्या अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. दुसऱ्याच्या कानातली आपल्या कानात घालू नये. कान दुखला, वाहू लागला किंवा आत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तेल न ओतता डॉक्टरांकडे जावे.

गावी परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या बाजारातून गेलो. बाई जागेवर होती. तिने आधी आमच्या कानांकडे बघितले, मग तोंडाकडे. "आज कान आणल्याती," एवढेच म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. आम्ही पाव किलो शेवंती घेतली. मग शिवाजी पार्कला जाऊन कट्ट्यावर बसलो, डबी उघडली. बुवांचे ते कीर्तन अर्धेच राहिले होते.