दारावर कोरलेली ठेव

माझी भाची या जूनमध्ये पेरू देशातलं माचू पिक्चू बघून आली. ढगांत बुडालेला डोंगर, चुन्याशिवाय बसवलेले दगड, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी केलेली शेतं असे किती तरी फोटो तिनं दाखवले. मग म्हणाली, "मावशी, इंका लोकांना आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब दोऱ्यांना गाठी मारून ठेवायचे, त्याला किपू म्हणतात. एवढं मोठं गाव, पण भिंतीवर एक अक्षर नाही."

तेव्हा भिंतीवरची अक्षरं दाखवायला श्रावणातल्या पहिल्या रविवारी मी तिला पांडवलेण्यांवर नेलं. नाशिकमध्ये जन्मून ती तिथं शाळेच्या सहलीनंतर गेली नव्हती.

मुंबई-आग्रा महामार्गालगत, फाळके स्मारकामागे हा डोंगर आहे. आज आपण त्याला त्रिरश्मी म्हणतो, लेण्यांतल्या लेखांत तो 'तिरण्हु' आहे. सुमारे दोनशे पायऱ्या चढल्या की काळ्या बेसॉल्टमध्ये एका ओळीत २४ लेणी लागतात. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही, ही बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे असल्यानं भर दुपारीही आत गारवा असतो. पावसाळ्यात कड्यावरून पाणी ओघळतं आणि खडकात खोदलेल्या टाक्यांत साठतं. या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय. डोंगर भटकणारी मंडळी आजही तोच शब्द वापरतात. 'लेण' हा शब्दही तिथं कोरलेला आहे. चढताना दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा आपल्याच तोंडात असते.

मी बँकेत २९ वर्षं मुदत ठेवींच्या काउंटरवर काम केलं. म्हणून दहाव्या लेण्यात मी नेहमी जास्त वेळ थांबते. हे लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं खोदवलं. ओसरीच्या टोकाच्या खोलीच्या दारावर त्याची बायको दक्षमित्रा हिनं ती खोली दान दिल्याचं लिहिलंय. खोलीला शब्द आहे 'ओवरक', आपल्या देवळातली ओवरी त्याच घराण्यातली. तिथल्याच मोठ्या लेखात ४२व्या वर्षाची नोंद आहे. ती मी भाचीला ठेवीची पावती वाचून दाखवावी तशी सांगितली.

उषवदातानं ३००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४० होतं, आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ नाणी चीवरासाठी द्यायची होती. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब नाण्यापर्यंत जुळतो. दुसऱ्या ठेवीचे ९० इतर गरजांसाठी. पुढे अट आहे: मुद्दल परत करायचं नाही, व्याज तेवढं भोगायचं. अशा ठेवीला लेखातच 'अखयनिवि' म्हटलंय. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही त्यात आहे. साक्ष, नोंद, दर, अट, सगळं जागच्या जागी. गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे.

मग आम्ही तिसऱ्या लेण्याकडे वळलो. दर्शनी भागाखाली यक्ष खांद्यांवर तुळया पेलून उभे आहेत, कमरेपासून वरचे तेवढे खडकाबाहेर आलेले. हे लेणं सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं राज्य संपवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नहपानाची आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. नाणी त्यानं बदलली, पण शत्रूच्या जावयाचा लेख पुसला नाही.

गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८व्या वर्षीचा हुकूम भिंतीवर आहे. उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं, असं तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो. २४व्या वर्षी दुसरा हुकूम निघतो. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव वसलेलं नाही, म्हणून नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तनं द्या. या हुकुमात राजमाताही सहभागी आहे. दान दिलं आणि विसरले, असं झालं नाही. सहा वर्षांनी चूक दुरुस्त केली आणि दुरुस्तीही दगडावर चढवली. मी नोकरीत अशी पत्रं खूप लिहिली, पण यापेक्षा स्वच्छ पत्र मला आठवत नाही. राजमाता गौतमी बलश्रीनं नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी हे लेणं भिक्षूंना दिलं. मुलाचं वर्णन करणारा तिचा लेख सातवाहनांच्या इतिहासाचा मोठा आधार आहे.

शेवटी एकोणिसावं. छोटं, साधं, इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. सातवाहन कुळातल्या कान्ह राजाच्या काळात नासिकच्या एका महामात्रानं ते करवलं. भाचीनं तिथली ब्राह्मी अक्षरं माझ्यामागून एकेक करून वाचली: ना, सि, क. मग बराच वेळ बोलली नाही.

उतरताना एका खांबावर खिळ्यानं कोरलेलं बदामाचं चित्र आणि दोन नावं दिसली. भाचीला राग आला, मला जीव तुटल्यासारखं झालं. १८२३ साली डेलामेन नावाच्या कॅप्टननं या लेण्यांची माहिती लिहिली, २०२१ मध्ये याच डोंगरावर आणखी लेणी उजेडात आली. अजून खूप वाचायचंय. कोष्ट्यांच्या त्या श्रेणी आज नाहीत, व्याज केव्हाच थांबलं. पण दारावरची अट तशीच लागू आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही. पावसात चढून जावं, ओवरीत बसावं, अक्षरं डोळ्यांनी वाचावीत. एवढं व्याज आपल्या वाट्याचं आहे.