नव्वद पर्सेन्टाईल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत!

सीईटीचा निकाल लागला की वाशीम, रिसोड, मालेगावपासून मंगरुळपीर, कारंजा, मानोऱ्यापर्यंत आपल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "पोरीला किती टक्के पडले?" पोरगी सांगते, "ऐंशी पर्सेन्टाईल." दिवसभर राबून आलेला बाप आनंदाने पेढे वाटतो. पुढे मोठ्या कॉलेजच्या यादीत नाव लागत नाही, तेव्हा "पैसे चारले असते तर काम झाले असते," असे त्याला वाटू लागते. दलाल नेमके अशाच दारात उभे राहतात. म्हणून हा हिशेब आईबापांनीही समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

इंजिनिअरिंगसाठीची सीईटी 200 गुणांची असते. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे 50-50 प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे! चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. डॉक्टरकीच्या 'नीट'चे तसे नाही. तेथे बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकले तर 1 गुण जातो.

2019 पासून सीईटी संगणकावर, अनेक पाळ्यांत होते. प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा, कोणाला सोपा, कोणाला अवघड. मग तुलना करायची कशी? त्यासाठी पर्सेन्टाईल आले.

समजा, एका पाळीत 20,000 मुले बसली. आपल्या मुलीला 120 गुण मिळाले. तिच्याएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी गुण असणारी मुले, तिला स्वतःला धरून, 18,000 निघाली. 18,000 ला 20,000 ने भागून 100 ने गुणले की 90 येतात. हे तिचे पर्सेन्टाईल. गुण मात्र 60 टक्केच आहेत! दुसऱ्या पाळीचा पेपर अवघड होता व तेथे 105 गुणांवर हाच हिशेब 90 आला, तर दोघांचे पर्सेन्टाईल सारखेच धरले जाते. प्रत्येक पाळीतील पहिल्याला 100 पर्सेन्टाईल मिळते, मग त्याचे गुण 200 पैकी कितीही असोत.

थोडक्यात, टक्के सांगतात पेपर किती सोडवला. पर्सेन्टाईल सांगते रांगेत आपण कोठे उभे आहोत. विषयांच्या पर्सेन्टाईलची सरासरी काढून एकूण पर्सेन्टाईल येत नाही. ते एकूण गुणांवरूनच वेगळे काढतात.

म्हणून निकाल हाती आला की घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. हव्या त्या कॉलेजात, हव्या त्या शाखेला, अनुसूचित जातीच्या जागा गेल्या वर्षी किती पर्सेन्टाईलवर थांबल्या ते पाहा. त्या याद्या सर्वांना खुल्या असतात. त्यासाठी कोणाला दमडीही देऊ नका. बारावीकडेही दुर्लक्ष नको. इंजिनिअरिंगला विज्ञान विषयांत खुल्या वर्गाला 45 व मागासवर्गीयांना 40 टक्के लागतात.

आणखी एक. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज मूल अकरावीत असतानाच करा. वर्षभराच्या मेहनतीने मिळवलेली जागा एका कागदावाचून हातची जाऊ देऊ नका.

आज रात्री जेवणे झाली की मुलांना जवळ बसवा आणि हा हिशेब त्यांच्याकडूनच एकदा समजून घ्या.