मोटारसायकलच्या चाकाचा आऊट घरीच काढा, पण दमानं

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले होते, मला पत्ताच नव्हता. डेअरीच्या वाटेवर गाडी वळवळली आणि कॅनसकट आडवा झालो. दूध गेलं, गुडघा फुटला. पाच मिनिटं चाक बघितलं असतं तर हे टळलं असतं.

स्पोकचं चाक ताणावर उभं असतं. बऱ्याच 100 सीसी गाड्यांना एका चाकात 36 स्पोक असतात. एक सैल झाला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि मग तेही तुटतात.

तपासणी : गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. प्रत्येक स्पोकवर पान्यानं हलकं वाजवा. घट्ट स्पोक टणटण वाजतो, सैल बद्द वाजतो.

काय लागतं : निपलच्या मापाचा स्पोक पाना, खडू, तारेचा तुकडा, कानस.

आऊट कसा काढायचा : तार मागच्या चिमट्याला बांधून तिचं टोक रिंगच्या कडेजवळ आणा. चाक हातानं फिरवा. रिंग तारेला घासेल तिथं खडूची खूण करा. रिंग उजवीकडे जात असेल तर तिथले हबच्या डाव्या बाजूचे स्पोक आवळा, उजवीकडचे तेवढेच सैल करा. रिंग वर उचलत असेल तर तिथले दोन्ही बाजूंचे आवळा. एका वेळी पाव आटाच, मग पुन्हा फिरवून बघा. 2 मिलिमीटरच्या आत आऊट आला की बास.

इथं बरेच जण चुकतात : हबकडून बघितलं तर निपल डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतो.

एक आट्यापेक्षा जास्त आवळावं लागलं तर टायर-ट्यूब काढा. निपलबाहेर आलेलं स्पोकचं टोक कानशीनं घासा, नाहीतर ट्यूब पंक्चर होणार. रिंगवरची रबरी पट्टी परत नीट बसवा.

स्पोक बदलताना : आतले आणि बाहेरचे स्पोक वेगळे असतात, म्हणून दुकानात जुना नमुना न्या. सगळं चाक खोलणार असाल तर आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. रिंगची कड ड्रमपासून किती आत-बाहेर आहे तेही पट्टीनं मोजून लिहून ठेवा.

रिंगच वाकली किंवा तडकली असेल तर घरी खटपट नको, मिस्त्रीकडेच न्या. काम झाल्यावर चार-पाच दिवस गाडी बिनओझ्याची चालवा आणि स्पोक पुन्हा वाजवून बघा. खताची गोणी त्यानंतरच.